लस एक, दिवस एक, मग काळीच्याच पिल्लांचा टायटर कमी काहून?

वाघाडीकाठ, घाटंजी (यवतमाळ)

नमस्कार. थोडं लांब लिहिते, कारण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच येतात.

आमच्या बचत गटाचं छोटं उबवण मशीन माझ्या घरी आहे. अंडी गटातल्या बायांच्या घरून येतात. प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलनं कोंबडीचं नाव लिहिते. पिल्लं निघायच्या आधी अंडी जाळीच्या वेगवेगळ्या खणांत ठेवते आणि निघाली की पायात त्या कोंबडीच्या रंगाची रिंग घालते. म्हणून कोणतं पिल्लू कोणाचं हे मला पक्कं माहीत असते. पिल्लं महिनाभर माझ्याकडे बल्बखाली, धानाच्या तुसावर राहतात, मग ज्याची त्याच्या घरी जातात. संक्रांतीनंतर काढलेली पिल्लं आखाडीपर्यंत विकायजोगी होतात, आणि तोच पैसा आम्हाला डवरणी-निंदणाच्या मजुरीला लागते. त्यामुळे ही बॅच बिघडली तर सगळ्या घरांचं बिघडते.

दोन वर्षांआधीच्या उन्हाळ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली होती. संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी मान वाकडी करून, हिरवी हगवण करून पडलेली. वस्तीतल्या बहुतेक खुराड्यांत काही उरलं नाही. माझ्या घरची काळी मात्र वाचली. तेव्हापासून मी लस चुकवत नाही आणि गटातल्या कोणाला चुकवूही देत नाही.

यावेळी सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, दिली. पाण्यातून देत नाही, डोळ्यात एकेक थेंब टाकते. लस थर्मासमध्ये बर्फावर आणली होती. बाटली फोडल्यावर तासाभरात संपवली. चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. पिल्लं एकाच खोलीत, एकाच दाण्यावर, एकाच पाण्यावर. लस देताना रिंग पाहून क्रम लावला नव्हता, हाती येईल ते पिल्लू घेतलं.

गावातला एक मुलगा नागपूरला व्हेटरनरी कॉलेजात एम.व्ही.एस्सी. करते. तो सुटीत आला होता. एकविसाव्या दिवशी त्यानं प्रत्येक कोंबडीच्या काही पिल्लांचं पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतलं आणि एचआय टेस्ट करून टायटरचे आकडे पाठवले, म्हणजे मानमोडीशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात किती आहेत ते. लालीच्या पिल्लांचे ५ आणि ६. कडकनाथचे ४, ५. ठिपकी आणि भुरी या दुसऱ्या घरच्या कोंबड्या, त्यांच्या पिल्लांचे ३, ४. आणि काळीच्या पिल्लांचे १, २, २, एकाचं ३.

हे पाहून मला रात्री झोप आली नाही. लाली आठवडी बाजारातून आणलेली, अंडी बसवली तेव्हा तिला कोणतीच लस झालेली नव्हती. काळी साथीतून वाचलेली. तिला दर सहा महिन्यांनी आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचली आहे, शेवटची दिवाळीनंतर. मग जी कोंबडी मानमोडीतून जगली, तिच्याच पिल्लांना लस लागत नाही, असं कसं? शेजारीण म्हणते काळीचं रगतच उतरलं, तिची अंडी बसवू नको. मला ते पटत नाही, पण आकडे समोर आहेत.

माझे प्रश्न: लस लागणं किंवा न लागणं हे आईबापाकडून येते का? एकाच वावरात, एकाच पावसावर कापसाचे दोन वाण वेगळे वागतात, तसं कोंबडीतही असते का? आणि काळीची अंडी बसवणं बंद करावं का?

वऱ्हाडी वावर, मूर्तिजापूर

ताई, राग नका मानू. आमच्या घरी आजीच्या वक्तापासून गावरान कोंबड्या हायेत. तिनं कधी लस देल्ली नाई. साथ आली की दहातल्या दोन रायत, पन त्या दोघींची अवलाद मंग दमाची निंगे. तुमच्या काळीचं तसंच हाये. तिच्यात दम हाये म्हनून ते वाचली. तिच्या पिल्लायले लस लागत नाई म्हनजे त्यायले लसीची गरजच नाई, त्यायच्या अंगातच हाये. टायटर-बियटर पाहू नका, काळीचीच अंडी बसवा. अन् कडकनाथले तं बिलकूल लस लागत नाई, हे मले इकनाऱ्यानंच सांगतलं होतं.

पशुवैद्य, भंडारा

ताई, तुम्ही ज्या पद्धतीनं नोंदी ठेवल्या आहेत तशा मी मोठ्या फार्मवरही क्वचित पाहिल्या. त्या नोंदींमुळेच तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देता येतं. मीही नागपूरलाच शिकले, आणि इकडे भंडारा-गोंदियाकडे गावरान कोंबड्यांतच माझं बहुतेक काम आहे.

आधी लस देण्यातली चूक बाजूला काढू. लस खराब असती, थंडावा तुटला असता किंवा थेंब नीट पडले नसते, तर कमी आकडे सगळ्या रंगांच्या रिंगांत विखुरलेले दिसले असते. गंबोरोनं बर्सा (पिल्लाची रोगप्रतिकाराची ग्रंथी) खाल्ला असता किंवा दाण्याला बुरशी असती, तरी सगळीच पिल्लं खाली आली असती. तुमच्याकडे कमी आकडे एकाच आईच्या पिल्लांत गोळा झालेत. म्हणजे कारण आईशी जोडलेलं आहे.

पण आईशी जोडलेलं म्हणजे लगेच आनुवंशिक, असं धरू नका. इथेच बहुतेक लोक चुकतात. आई पिल्लाला दोन वाटांनी देते. एक वाट जनुकांची. दुसरी वाट अंड्यातल्या बलकाची: आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बलकात उतरतात आणि तिथून पिल्लाच्या रक्तात येतात. काळीनं खरी मानमोडी भोगली आहे, वर दर सहा महिन्यांनी आर-टू-बी. तिच्या रक्तात राणीखेतविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर असणार, आणि ती तिनं प्रत्येक अंड्यात ओतली. लासोटा ही जिवंत लस आहे. ती पिल्लाच्या अंगात थोडी वाढली तरच पिल्लाचं शरीर स्वतः शिकतं. आईची प्रतिपिंडं त्या विषाणूला वाढण्याआधीच पकडतात. लालीनं बलकातून काहीच दिलं नव्हतं, म्हणून तिच्या पिल्लांत लस मोकळेपणानं वाढली आणि टायटर चढला.

आकड्यांतही हे बसतं. एचआयचा आकडा दर पायरीला दुप्पट-निम्मा होतो, म्हणून आईची प्रतिपिंडं निम्मी झाली की आकडा एकानं उतरतो. हे निम्मं व्हायला ब्रॉयलर पिल्लात तीन-साडेतीन दिवस लागतात, सावकाश वाढणाऱ्या अंड्याच्या जातीत पाच-साडेपाच. (हाही फरक जातीचाच आहे. ब्रॉयलर भराभर फुगतो, त्याच्या अंगात तीच प्रतिपिंडं जास्त रक्तात पसरतात.) तुमच्या गावरान पिल्लांसाठी पाच दिवस धरले आणि काळीची पिल्लं ६-७ च्या टायटरनं निघाली असं मानलं, तर एकविसाव्या दिवशी २-३ उरतात. तुम्हाला जो आकडा मिळाला तो बहुतेक काळीनं दिलेल्या शिदोरीचा उरलेला भाग आहे, पिल्लांची स्वतःची कमाई अजून सुरूच झालेली नाही. थेंब डोळ्यात टाकलात हे फार चांगलं केलंत. डोळ्याच्या मागची हार्डर ग्रंथी आईच्या प्रतिपिंडांना न जुमानता तिथल्या तिथे काही संरक्षण उभं करते, ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

म्हणून घाई करू नका. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटाचा बूस्टर द्या, दोन आठवडे थांबा आणि त्याच पिल्लांचं रक्त पुन्हा घ्या. तोवर आईची शिदोरी जवळपास संपलेली असेल. तेव्हा जो आकडा येईल तो पिल्लांचा स्वतःचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. होय, लसीला मिळणारा प्रतिसाद काही प्रमाणात आनुवंशिक आहे आणि कोंबडीत तो माणसापेक्षाही ठळक दिसतो. शरीरात विषाणू आला की पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकारक पेशींना दाखवतात. हे तुकडे धरणारे रेणू ज्या जनुकांपासून बनतात त्यांच्या समूहाला एमएचसी म्हणतात. कोंबडीत त्याचं नाव बी-समूह, आणि तो सोळाव्या गुणसूत्रावर आहे. माणसाकडे असे धरणारे बरेच रेणू सारख्या जोरानं काम करतात. एकाला तुकडा धरता आला नाही तर दुसरा धरतो. कोंबडीत पहिल्या वर्गातला एकच रेणू मुख्यत्वे काम करतो, समूहच छोटा आहे. त्यामुळे तो रेणू एखाद्या विषाणूचा तुकडा नीट धरू शकला नाही तर त्या पक्ष्याला मोठा फरक पडतो. गाठी आणि लकवा आणणाऱ्या मॅरेक्स रोगात हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. बी-२१ हा प्रकार असलेले पक्षी बऱ्यापैकी टिकतात, बी-१९ वाले झपाट्यानं जातात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं निवड करून अशा दोन ओळीच (वंश) तयार केल्या होत्या, एन आणि पी. आणि तीच लस वेगवेगळ्या बी-प्रकारांत कमीजास्त काम करते, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

पण सगळं बी-समूहावर ढकलता येत नाही. अमेरिकेतल्या ईस्ट लान्सिंगच्या प्रयोगशाळेतल्या ६ आणि ७ क्रमांकाच्या ओळींचा बी-प्रकार एकच, तरी एक मॅरेक्सला टिकते आणि दुसरी नाही. म्हणजे बाकीची अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. राणीखेतबाबतही तसंच. घाना आणि टांझानियातल्या गावठी पिल्लांना लासोटाचाच विषाणू देऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तिथल्या संस्थांसोबत अभ्यास केला. प्रतिपिंडांची पातळी मध्यम प्रमाणात आनुवंशिक निघाली. एकच मोठं जनुक सापडून प्रश्न सुटावा, असं काही नव्हतं.

मग घरच्या घरी जनुकांची वाट आणि बलकाची वाट वेगळी कशी ओळखायची? बापाकडे पाहा. कोंबडा बलकात काही टाकत नाही. त्याच्याकडून पिल्लाला फक्त जनुकं मिळतात. वेगवेगळ्या कोंबड्यांची, वेगवेगळ्या घरची पिल्लं, पण बाप एक, आणि ती सगळी कमी, असं दिसलं तर तिथे आनुवंशिकतेचा संशय घ्यायला जागा आहे. तुमच्या वहीत आई आहे, बाप आहे का?

मूर्तिजापूरच्या भाऊंना: तुमच्या आजीचं निरीक्षण खोटं नाही. साथीतून उरलेल्यांची पिल्लं सरासरीनं थोडी दमदार असू शकतात, निसर्गाची निवड असंच काम करते. पण जगलेल्या कोंबडीत चांगली जनुकं होती, की तिला विषाणू कमी लागला, की तिच्या अंगात तेव्हा तिच्या आईची प्रतिपिंडं होती, हे बाहेरून कळत नाही. आणि दहातले आठ गमावून ही निवड करायची, तीही दर साथीला, हा हिशेब ज्या घरात कोंबड्यांवर मजुरी भागते तिथे परवडत नाही. काळीची पिल्लं आज तिच्या शिदोरीवर आहेत हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण ती शिदोरी महिनाभरात संपते, मग ती उघडी पडतात.

कडकनाथबद्दल मात्र स्पष्ट सांगते: त्याला लस लागत नाही हे विकणाऱ्याचं बोलणं आहे. कडकनाथला मानमोडीही होते, मॅरेक्सही होतो. झाबुआ हे त्याचं माहेर. तिथल्या एका कडकनाथ फार्मवर जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता. काटक असणं वेगळं आणि एखाद्या विशिष्ट विषाणूपुढे टिकणं वेगळं.

उबवणी, हिंगणा

मी नागपूरजवळच्या हॅचरीत काम करतो. मॅडमनी मॅरेक्सचं सांगितलं त्यात थोडी भर.

आमच्याकडे लेअरच्या (अंड्यांसाठीच्या) पिल्लांना निघाल्या दिवशीच मानेच्या कातडीखाली मॅरेक्सची लस टोचतो. पेशींतली लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहते. कोमट पाण्यात ती वितळवली की घड्याळ सुरू, तासाभरात शेवटचं पिल्लू टोचून झालं पाहिजे. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली हा रोग पहिल्यांदा लिहून ठेवला, पण लस यायला १९७० उजाडावं लागलं. या लसीची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. ती गाठी आणि लकवा थांबवते, पण विषाणूचा शिरकाव थांबवत नाही. लस झालेला पक्षीही पिसांच्या कोंड्यातून विषाणू सोडत राहतो. म्हणून मोठ्या ब्रीडर कंपन्या लसीवर विसंबून राहत नाहीत, मूळ ओळी निवडतानाच पक्षी टिकतो का हे पाहतात. लस आणि वंश, दोन्ही मिळून काम होतं.

ताई, तुमच्या मशीनमधल्या पिल्लांना मॅरेक्सची लस मिळत नसेल, घरगुती उबवणीत ती सहसा कोणी देत नाही. तिची गोठवून वाळवलेली लस मिळते, साध्या फ्रिजमध्ये राहते, पण बाटली हजार डोसची. गटानं दोन-तीन गावांची पिल्लं एकाच दिवशी काढली तर परवडेल. मात्र वाळवलेल्या लसीला आईची प्रतिपिंडं जास्त नडतात, हे लक्षात ठेवा.

वाघाडीकाठ, घाटंजी

मॅडम, बूस्टर दिला, पिल्लं माझ्याकडेच ठेवून दोन आठवडे थांबले, पुन्हा नमुने पाठवले. आकडे आजच आले म्हणून लिहिते.

काळीची पिल्लं ५, ५, ६ आणि एक ७. वाचून जीव भांड्यात पडला. शेजारणीला वही नेऊन दाखवली. लाली आणि कडकनाथ ५ ते ७ मध्ये.

पण ठिपकी आणि भुरीची पिल्लं २ आणि ३ वरच राहिली, एकाचं ४. पहिल्यापेक्षाही उतरली. या दोन कोंबड्या दोन वेगळ्या घरच्या. एकीला लस झालेली, एकीला नाही. तुम्ही बापाचं विचारलं म्हणून दोन्ही घरी जाऊन विचारलं. दोघींच्या मधे कुंपण नाही, एकच कोंबडा फिरते. आसील वळणाचा, मोठ्या हाडाचा, पांढरकवड्याकडून आणलेला. काळी आणि लाली माझ्या तुरेवाल्या कोंबड्याकडे असतात, कडकनाथचा कोंबडा वेगळा.

भुरी ही त्याच आसील कोंबड्याची पोर आहे, हेही आजच कळलं. आता त्या घरची बाई मोठी काळजीत आहे. कोंबडा दिसायला राजा आहे, त्याची पिल्लं वजनाला सगळ्यात भारी. आखाडीला त्यांचाच भाव जास्त येते. त्याला काढून टाका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्या पिल्लांचं आता काय करू? आणि कोंबड्याचं?

वऱ्हाडी वावर, मूर्तिजापूर

ताई, काळीचं तुमचं खरं निंगालं, लय बरं वाटलं. मॅडम, तुमचं बलकाचं पटलं. आमच्या इथं पुढच्या सोमवारी पशुधन पर्यवेक्षक येनार हायेत, मी माह्या कोंबड्यायले लस देतो.

पशुवैद्य, भंडारा

भाऊ, देताना मोठ्या कोंबड्यांना आणि आठ आठवड्यांवरच्या पिल्लांना आर-टू-बी, त्याहून लहान असतील तर लासोटा. आर-टू-बी जरा कडक लस आहे. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला १९४० च्या दशकात तयार झालेली, संरक्षण लांबवर देते, पण लहान पिल्लाला झेपत नाही.

ताई, तुमच्या आकड्यांनी मला खरंच आनंद झाला. एका आईला लस झालेली, दुसरीला नाही, तरी दोघींची पिल्लं खालीच. म्हणजे बलकाचं कारण गळून पडलं. उरतो तो समान बाप. एवढ्या मोजक्या पिल्लांवरून मी ठाम सांगणार नाही, पण संशय घेण्याइतकं हे नक्की आहे. दोन घरांत कुंपण नाही म्हणजे तिथलं काहीतरी समान असेल, असं कोणी म्हणेल. पण नमुने घेतले तेव्हा पिल्लं तुमच्याच खोलीत, तुमच्याच दाण्यावर वाढलेली होती.

भारी वजन आणि कमी टायटर एकत्र येणं यात मला नवल वाटत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १९७० च्या दशकापासून कोंबड्यांच्या दोन ओळी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणल्या. मेंढीच्या रक्तपेशी टोचल्यावर जास्त प्रतिपिंडं बनवणाऱ्या एकीकडे, कमी बनवणाऱ्या दुसरीकडे. कमी बनवणारी ओळ वजनानं भारी होत गेली. अन्नातून मिळणारी ताकद मर्यादित असते. ती वाढीत जास्त गेली की प्रतिपिंडांसाठी कमी उरते. पण जास्त प्रतिपिंडं म्हणजे सगळ्याच बाबतीत चांगलं, असंही नाही. त्याच प्रयोगात कमी प्रतिपिंडांची ओळ ई. कोलायसारख्या जीवाणूंपुढे जास्त टिकली. म्हणून फक्त टायटरचा आकडा बघून कोंबडे निवडत गेलात तर दुसरीकडे फटका बसेल.

आसीलला काढू नका. तो कापायचा कोंबडा नाही, तपासायचा कोंबडा आहे. पुढच्या बॅचसाठी असं करा. भुरी त्याची पोर आहे, तिला त्याच्यापासून आधी वेगळं करा. बाप-लेकीच्या जोडीत पिल्लाला दोन्हीकडून एकच बी-प्रकार मिळण्याची शक्यता वाढते. एकच प्रकार म्हणजे विषाणूचे कमी प्रकारचे तुकडे धरता येणार. गावरान कोंबडीची खरी श्रीमंती तिच्यातल्या वेगवेगळ्या प्रकारांत आहे, ती आपण दर वर्षी घरचाच कोंबडा ठेवून घालवतो. शक्य असेल तर दुसऱ्या गावच्या गटाशी कोंबडा बदला, पण आणलेला कोंबडा तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

ठिपकीला आसीलकडून काढून तुमच्या तुरेवाल्याकडे द्या आणि लालीला आसीलकडे. अदलाबदल केल्या दिवसापासून अंडी बसवू नका. कोंबडीच्या अंगात आधीच्या कोंबड्याचं बीज साठलेलं असतं, दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांपर्यंत त्याचीच पिल्लं निघतात. तीन आठवडे थांबूनच नव्या बापाची अंडी घ्या. मग ठिपकीची पिल्लं वर गेली आणि लालीची खाली आली, तर बापाचा परिणाम उघड होईल. एका बापाची किमान दहा-बारा पिल्लं तपासा, तीनचार पिल्लांत नशीबही खेळतं. सातव्या दिवशी लस देण्याआधीही काही पिल्लांचं रक्त घ्यायला त्या मुलाला सांगा, म्हणजे आईनं किती दिलं होतं ते कळेल आणि अंदाज लावावा लागणार नाही.

आत्ता जी पिल्लं २-३ वर आहेत ती उघडीच आहेत असं समजू नका. रक्तातली प्रतिपिंडं हा संरक्षणाचा एक भाग, पेशींकडून होणारं काम या टेस्टमध्ये दिसत नाही. पण त्यांच्या बाबतीत जोखीम घेऊ नका. त्यांना आर-टू-बी आठव्या आठवड्याला लगेच द्या, दहाव्यापर्यंत लांबवू नका, आणि त्या आधी जंताचं औषध द्या. यवतमाळचं ऊन या महिन्यात चढलेलं असतं आणि उष्णतेनं प्रतिसाद आणखी मंदावतो. टोचणं सकाळी सूर्य वर यायच्या आत करा, दुपारी पिल्लांवर पोत्यांची ओली सावली ठेवा, पाण्यात गूळ-मीठ चालेल. वजनाची पिल्लं म्हणून त्या बाईंनी ती आधीच बाजारात नेऊ नयेत, एवढं तुम्ही त्यांना समजावून सांगा. लस टोचल्यावर निदान तीन आठवडे पिल्लं घरीच राहू द्या.

नमुन्यांबद्दल एक. रक्त सिरिंजमध्येच आडवं ठेवून गोठू द्या, सीरम (वरचं पिवळसर पाणी) सुटलं की ते वेगळ्या बाटलीत काढा आणि मगच बर्फावर पाठवा. सगळं रक्त तसंच एसटीनं उन्हातून नागपूरला गेलं की लाल पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि एचआय वाचताना गडबड होते. प्रत्येक बाटलीवर रिंगचा रंग आणि बापाचं नाव दोन्ही लिहा.